अष्टमीच्या दुसऱ्या दिवसाची फुली

बायकोची काळजी घ्यावी तर जयपालनं, असं इस्लामपूरकडच्या त्या गावात कुणीही सांगेल. त्रिशलाला फिट येते हे कळल्यापासून चार वर्षं गडी घड्याळ बघून तिच्या हातावर गोळी ठेवायचा. फिट आली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल फुली मारायचा. तरी फुल्या काही थांबेनात. डॉक्टर विचारायचे, "गोळी चुकते का?" हा छातीवर हात ठेवून सांगायचा, "एक बी न्हाई." मग डॉक्टर डोस वाढवायचे आणि त्रिशला बिचारी दिवसभर पेंगायची.

परवा सांगलीच्या दवाखान्यात नवी सिस्टर भेटली. तिनं कॅलेंडर मागितलं, फुल्यांवरून बोट फिरवलं.

"काका, बहुतेक फुल्या अष्टमी नाहीतर चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी कशा?"

"आदल्या दिवशी हिचा निर्जळी उपवास असतोय."

"मग गोळी?"

"आता पाणीच न्हाई, तर गोळी कशी घ्यायची?" बोलता बोलता जयपालची जीभ अडखळली.

उपवासाची गोळी म्हणजे चुकलेली गोळी, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं! सिस्टर सांगत राहिली, फिट यायला एक दिवसाचा खंडही पुरतो, एखादी फिट लांबली तर जिवावर बेतेल.

घरी आल्यावर त्यानं त्रिशलापुढं हात जोडले. "उपास कर, पर गोळीपुरतं दोन घोट पाणी घे."

"आवं, हे व्रत घ्यायला लावलं कुणी मला?"

गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात, आजार जावा म्हणून जयपालनंच तिला व्रत घ्यायला जैन मुनी महाराजांपुढं नेऊन बसवलं होतं. करायला गेला एक अन् झालं भलतंच! व्रत सोडवायचं तर महाराजांनाच विचारायला हवं, आणि महाराज पायी विहार करत कधीच कर्नाटकात गेलेले. "मोडलं तर दुखणं आनी वाढंल," एवढंच त्रिशला म्हणे.

चतुर्दशीला जयपाल सकाळपासून गोळी आणि तांब्या घेऊन तिच्यापुढं बसला. रागावला, रडलासुद्धा. त्रिशलानं पदरानं त्याचे डोळे पुसले, पण तोंड उघडलं नाही.

दिवस मावळला. जयपालनं गोळी परत डबीत टाकली. विळी माळ्यावर ठेवली, गॅसची टाकी बंद केली आणि घरातल्या सगळ्या उशा तिच्या अंथरुणाभोवती मांडल्या.