दोन घरांचं एक कार्ड

"मॅडम, हे नाव काय आहे, वाचून दाखवा बरं."

उत्तमरावांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर त्यांच्या मुलीच्या लग्नाचं कार्ड होतं. मी वाचलं, "निखिल."

"तुम्हाले माहीत आहे म्हणून तुम्ही वाचलं. माझ्या बहिणीनं 'निरिवल' वाचलं. फोन करून विचारून राह्यली होती, हे कोणतं नाव होय म्हणून."

शेजारच्या खुर्चीवर निखिलचे वडील, दिनकर गुरुजी, बसले होते. मुलाच्या नावाचं हे झालेलं ऐकून त्यांनाही हसू आलं. त्या रविवारी सकाळी माझ्या क्लासमध्ये दोघं पहिल्यांदा एकत्र हसले ते तेव्हा. त्याआधी चहा येईपर्यंत एक जण खिडकीबाहेर बघत होता आणि दुसरा भिंतीवरचा रंगांचा तक्ता.

दोष फॉन्टचा होता. फॉन्ट म्हणजे अक्षरांचं वळण. कार्डासाठी घेतलेला फॉन्ट नक्षीदार होता, शिवाय अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून ती लांब लांब बसवलेली. त्यात 'ख'चे दोन तुकडे सुटे दिसायला लागले आणि 'र' अन् 'व' होऊन बसले. देवनागरीत ही जुनीच डोकेदुखी आहे. म्हणून तर शाळेच्या पुस्तकात 'ख' खालून जोडलेला असतो. मी फॉन्ट बदलून दाखवला. निखिल पुन्हा निखिल झाला. उत्तमराव म्हणाले, हे तर सोपं होतं. सोपं तेवढंच होतं.

मी नागपूरच्या एका दैनिकात बरीच वर्षं पानं लावायचं काम केलं. बातमी कुठे, फोटो कुठे, मथळा केवढा, हे ठरवायचं काम. आता पवनारला राहते आणि बसने वर्ध्याला येऊन ग्राफिक डिझाइनचा बेसिक क्लास घेते. प्रज्ञा, म्हणजे उत्तमरावांची मुलगी, माझी विद्यार्थिनी. वर्ध्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीच्या ऑफिसात ती नोकरी करते. ऑफिसची पत्रकं, बॅनर दर वेळी बाहेरून करून आणावी लागतात, ती आपणच करावीत म्हणून ती शिकायला आली होती. शिकता शिकता लग्न ठरलं आणि पहिलं खरं काम तिला घरचंच मिळालं.

मुलाकडचे आष्टीचे. गुरुजी तिथल्या शाळेतून निवृत्त झालेले. उत्तमराव नाचणगावचे, पोस्टातून निवृत्त. गुरुजींचं घर हिंदू, उत्तमरावांचं बौद्ध. मुलं कॉलेजपासून एकमेकांना ओळखत होती. दोन्ही घरांनी वर्षभर वेळ घेतला आणि होकार दिला. भांडण नाही, रुसवा नाही. सगळे म्हणत होते, किती समजूतदार लोक आहेत. होते खरंच. पण होकार देताना जे बोललं गेलं नव्हतं ते कार्डाच्या वेळी वर यायला लागलं.

प्रज्ञाचं पहिलं कार्ड चांगलं होतं. फॉन्ट सोडला तर मी त्यात फारसं काही बदललं नसतं. मधोमध दोघांची नावं, त्याखाली तारीख आणि हॉलचा पत्ता, तळाला दोघांचे आईवडील. क्लासमध्ये आम्ही याला हायरार्की म्हणतो. डोळ्याने आधी काय वाचायचं, मग काय, याची पायरी लावणं. जे आधी वाचायचं ते मोठं किंवा ठळक, बाकीचं त्याहून लहान. सगळंच मोठं केलं तर काहीच मोठं राहत नाही. तिने ते नीट केलं होतं.

कार्ड दोन्ही घरी व्हॉट्सअॅपवर गेलं. आष्टीहून उत्तर आलं की वर श्री गणेश पाहिजे, कुलदैवताची ओळ पाहिजे, निमंत्रक म्हणून गुरुजींचे थोरले भाऊ पाहिजेत, आणि खाली काका, मामा, मावसे. नाचणगावहून आलं की वर बुद्धांचं चित्र पाहिजे, 'नमो बुद्धाय' पाहिजे, विहार समितीचे सदस्य आणि पोस्टातले जुने सहकारी पाहिजेत. प्रज्ञाने सगळं बसवायचा प्रयत्न केला. मला दाखवायला आणलं तेव्हा ते कार्ड एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकासारखं दिसत होतं.

मग गुरुजींनी तोडगा काढला. दोन कार्डं छापू. आष्टीकडचं वेगळं, नाचणगावकडचं वेगळं. उत्तमरावांना तो लगेच पटला. प्रज्ञाच्या आईलाही पटला. निखिल पुण्यात नोकरीला, त्याने फोनवर सांगितलं की तू म्हणशील तसं. एकट्या प्रज्ञाला तो पटला नाही. का, ते ती नीट सांगत नव्हती. एवढंच म्हणाली, "मॅडम, रविवारी दोघांनाही क्लासमध्ये आणते. तुम्ही तो कागदांचा प्रयोग घ्या त्यांचा."

हा प्रयोग मी दर बॅचला घेते. कार्डात जे जे घालायचं ते प्रिंट काढून कापायचं. प्रत्येक ओळीची वेगळी पट्टी, प्रत्येक चित्र वेगळं, सगळं खऱ्या मापात. समोर कार्डाच्या आकाराचा कोरा कागद. त्यावर पट्ट्या मांडायच्या. नियम तीन. कडेची समासाची रेघ ओलांडायची नाही. एकावर एक पट्टी चढवायची नाही. आणि अक्षर बारा पॉइंटच्या खाली न्यायचं नाही. पॉइंट हे अक्षराचं माप. बाराच्या खाली गेलं की चाळिशी लावलेला माणूस कार्ड हातभर लांब धरतो आणि नंतर बाजूला ठेवतो. कॉम्प्युटरवर अक्षर लहान करणं हा एका क्लिकचा खेळ असतो. कागदाच्या पट्टीला ते जमत नाही.

तर त्या रविवारी दोन इवाई माझ्या टेबलाशी बसले. व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात. पण ते दोघं अजून एकमेकांना तसं म्हणत नव्हते. एक 'गुरुजी' म्हणायचा, दुसरा 'साहेब'.

गुरुजींनी पहिली पट्टी उचलली आणि गणपती वर मधोमध ठेवला. उत्तमरावांनी थोडं थांबून बुद्धांचं चित्र त्याच्या शेजारी ठेवलं. गणपती जरा डावीकडे सरकवावा लागला. तो गुरुजींनी सरकवला. मग ओळी आल्या, निमंत्रक आले, समिती आली, मामा आले. दोघंही फार काळजीने मांडत होते. पट्टी वाकडी झाली की बोटाने सरळ करत होते. शिक्षक आणि पोस्टातला माणूस, दोघांनाही कागद नीट ठेवायची सवय.

कागद भरला. टेबलावर अजून पट्ट्या होत्या. त्यात तारखेची होती आणि हॉलच्या पत्त्याचीही.

प्रज्ञा म्हणाली, "लोक येतीन कुठं?"

गुरुजी मागे टेकले. "म्हणूनच म्हणून राह्यलो मी. आष्टीचं आष्टीले, नाचणगावचं नाचणगावले. सगळ्याइले जागा पुरते."

उत्तमरावांनी मान हलवली. "बरोबर आहे. त्यात कोणाचं वाईट नाई."

प्रज्ञाने हातातली कात्री खाली ठेवली. आवाज चढवला नाही तिने.

"बाबा, दोन कार्डं झाली तर आष्टीच्या कार्डावर 'नमो बुद्धाय' नसन. तिथल्या लोकाइले आपण कोण आहोत ते लग्नाच्या दिवशीच कळन. माहं लग्न अर्ध्या लोकांपासून लपवल्यासारखं होईन. मले तसं लग्न नाई पाह्यजे."

मी उठून पाणी आणायला जाणार होते. पण उठले असते तर तेही बोलल्यासारखंच झालं असतं. बसून राहिले.

गुरुजींनी टेबलावरची एक पट्टी बोटाने सरळ केली. मग त्यांनी जे सांगितलं ते सांगायला त्यांना जड गेलं. थोरल्या भावाला त्यांनी मुलगी शिकलेली आहे, वडील पोस्टात होते, एवढंच सांगितलं होतं. बाकीचं आज सांगू, उद्या सांगू करत राहिलं होतं. भाऊ वाईट माणूस नाही, म्हणाले. पण त्याच्यापुढे त्यांनी आजवर कधी काही स्वतःच्या मनाचं केलंच नव्हतं. लग्नसुद्धा त्यानेच ठरवलं होतं त्यांचं.

उत्तमराव रागावतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "गुरुजी, मीही विहारातल्या लोकाइले तुमच्या घरची पूजा-बिजा काही सांगितली नाई. मुलगा पुण्यात आहे, एवढंच सांगत आलो."

त्यानंतर गुरुजींनी हात पुढे केला आणि कागदावरची थोरल्या भावाची पट्टी उचलून बाजूला ठेवली. निमंत्रकाचीच. मग मामांची. उत्तमरावांनी समिती उचलली. एक यांची, एक त्यांची, अशा पट्ट्या निघत गेल्या, वरची दोन्ही चित्रंही. मधे एकदा उत्तमराव एका सहकाऱ्याच्या नावावर अडकले. हा माणूस माझ्या आजारपणात रोज घरी येत होता, म्हणाले. गुरुजी म्हणाले, "मग त्याले आपण दोघं जाऊन निमंत्रण देऊ, इवाई. पट्टीपेक्षा ते बरं."

इवाई हा शब्द असा मधेच येऊन गेला. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्यांकडे पाहिलं.

शेवटी उरलं ते असं. मधोमध प्रज्ञा आणि निखिल. खाली तारीख, वेळ, पत्ता. तळाला डावीकडे एक घर, उजवीकडे एक घर. 'नमो बुद्धाय'ची पट्टी गुरुजींनी स्वतः उचलून उत्तमरावांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या नावांच्या वर ठेवली. 'श्री गणेशाय नमः' उत्तमरावांनी गुरुजींकडच्या नावांच्या वर ठेवली. दोन्ही ओळी एकाच मापात, एकाच रेषेत. याला अलाइनमेंट म्हणतात. दोन गोष्टी एका रेषेत आल्या की डोळा त्यांना आपोआप सारख्या मानतो.

डावं-उजवं मात्र राहिलं होतं. आपण डावीकडून वाचतो, तेव्हा डावीकडचं पहिलं होतं. त्यावर फार चर्चा झाली नाही. वर मुलीचं नाव डावीकडे आहे, तर खाली मुलाकडचे डावीकडे, असं उत्तमरावच म्हणाले.

प्रज्ञाच्या मनात वरच्या मोकळ्या जागेत पिंपळाचं पान होतं. तिने ते फार सुंदर काढलं होतं. पिंपळ दोन्हीकडे पूज्य, हा तिचा विचार. मलाही तो आवडला होता. गुरुजींनी पान हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "पान मस्त आहे पोरी. पण पिंपळावर मुंजा राह्यते. लग्न न होता मेलेल्या पोराचं भूत ते. लग्नाच्या कार्डावर कसं चालन?"

उत्तमराव म्हणाले, "आमच्यात हे बोधिवृक्षाचं पान आहे."

"ते मले माहीत आहे, इवाई. पण माह्या बायकोले कोण समजावन?"

दोघंही हसायला लागले. पान गेलं. प्रज्ञाला वाईट वाटलं, पण डिझायनरला हे रोजचं असतं. आपल्याला सगळ्यात आवडलेली गोष्टच पहिली कापली जाते. वरची जागा कोरी राहिली. ती तशीच का, असं उत्तमरावांनी विचारलं. मी सांगितलं की याला व्हाइट स्पेस म्हणतात. ती उरलेली नसते, सोडलेली असते. आजूबाजूला मोकळं असलं की मधलं नाव उठून दिसतं. त्यांनी दोन्ही नावांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, राहू द्या मग.

पट्ट्या मांडलेल्या त्या कागदाचा मी फोटो काढला. प्रज्ञाने त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवर कार्ड पक्कं केलं. ओळींमधलं अंतर वाढवलं, कारण मराठीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. 'ज्ञ' मोठ्या मापात तपासून घेतला. 'ख' तर दोनदा. छापखान्यातून प्रूफ आलं तेव्हा त्यात एकही दुरुस्ती निघाली नाही. माझ्या बॅचमध्ये हे फारसं होत नाही.

गुरुजींनी पहिलं कार्ड घेऊन थोरल्या भावाचं घर गाठलं. एकटे गेले. तिथे काय झालं ते त्यांनी फारसं सांगितलं नाही. भाऊ बराच वेळ कार्ड वाचत होता आणि नंतर जेवून जा म्हणाला, एवढंच.

लग्न वर्ध्याच्या हॉलमध्ये झालं. आधी बुद्धवंदना, मग मंगलाष्टकं. मी प्रज्ञाच्या बाजूने बसले होते. जेवणाच्या पंगतीत थोरले भाऊ माझ्या समोरच आले. गुरुजींनी ओळख करून दिली, कार्ड ह्यांच्या क्लासमध्ये झालं म्हणून. मी जरा सावरून बसले. ते आता धर्माचं काही बोलतील, जातीचं काही बोलतील, असं मनात येऊन गेलं.

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. घडी पडू नये म्हणून पाकिटात ठेवलं होतं.

"कार्ड साजरं आहे," म्हणाले. "अक्षरही मोठं आहे, चष्म्याशिवाय वाचता आलं. पण मॅडम, मुलाचा मोठा बाप मी, थोरला काका. माहं नाव काऊन नाई टाकलं?"

मी म्हणाले, जागा कमी होती. त्यांनी कार्डाच्या वरच्या कोऱ्या भागावर बोट ठेवलं. "ही काय मग?"

पानावर नजर सगळ्यात आधी मोठ्या अक्षराकडे जाते, असं मी आजवर प्रत्येक बॅचला शिकवत आले. आता त्यात थोडी दुरुस्ती केली आहे. नजर आधी स्वतःच्या नावाकडे जाते. ते सापडलं नाही, तर मग मोठ्या अक्षराकडे.