पप्पांचा उजवा पाय

सोमवारपासून एकटीने गाडी घेऊन ऑफिसला जायचं की नाही, हे त्या दिवशीच्या नाशिक-सटाणा फेरीवर ठरणार होतं. पप्पा शेजारी बसले होते. त्यांनी वर्षानुवर्षं जुनी जीप चालवली, त्यामुळे त्यांचा नियम एकच: निसरड्यावर ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. नव्या गाडीत एबीएस आहे, तसं करायचं नसतं, हे मी गाडीच्या पुस्तिकेत वाचलं होतं. पण वाद घालणं मला जमत नाही.

वळणावर पुढची कांद्याची ट्रॉली एकदम थांबली. सांडलेले कांदे चिरडून रस्ता बुळबुळीत झाला होता. मी ब्रेक पूर्ण दाबला. पायाखाली पेडल थडथडायला लागलं.

"सोड, सोड, परत दाब," पप्पा म्हणाले.

मी पाय उचलला नाही. चाकं जाम झाली नव्हती, त्यामुळे स्टिअरिंग ऐकत होतं. गाडी डावीकडे घेतली आणि ट्रॉलीच्या शेजारी जाऊन थांबले.

"बापाचं ऐकायचंच नाही का?"

"दाबणं-सोडणं आता गाडीच करते, पप्पा. आपण फक्त दाबून धरायचं."

त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय अजून मॅटवर दाबत-सोडत होता. त्यांना हसू आलं.

"सोमवारी जाताना हवा चेक करून घे," ते म्हणाले.