फुगलेली शीर आणि नवी जागा

“इथंच टोचा ताई. इथं दुखत नाय.”

रामदासभाऊंनी डाव्या हातावरच्या फुगवट्यावर बोट ठेवलं. मी सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

जुन्नर तालुक्यातल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे. भाऊ पिंपळवंडीचे, टोमॅटोवाले. आमच्याकडे नवीनच यायला लागले होते. त्यांच्या हाताला फिश्चुला होता, म्हणजे ऑपरेशन करून धमनीला जोडलेली शीर. धमनीच्या जोरानं ही शीर जाड होते. मग दर वेळी तिच्यात दोन सुया घालायच्या. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून साफ होऊन परत येतं.

सारखं एकाच जागी टोचलं की ती जागा बधिर होते. पेशंट खूश. पण शीर तिथेच फुगत जाते आणि वरची कातडी विरते. भाऊंची कातडी चकाकत होती, चिमटीत येत नव्हती. ती फुटली तर रक्ताची धार लागते. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात पाहिला, फुगवट्याला सुई लावू नका म्हणाले आणि पुण्याच्या सर्जनला फोन करायला गेले.

भाऊ उठून बसले. नव्या जागी दुखतं, मग आज डायलिसिसच नको म्हणाले. तेही चालणार नव्हतं. पायांवर सूज होती, बोलतानाच धाप लागत होती.

मी बाहेर बसलेल्या मंदावहिनींना, त्यांच्या बायकोला, आत घेतलं. फुगवट्यावरची कातडी आणि त्याच्या पुढे दंडाकडची चांगली कातडी, दोन्ही हात लावून बघायला सांगितली. रक्त आलंच तर कसं दाबून धरायचं तेही दाखवलं. वहिनींनी सगळं ऐकलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

“घरी धार लागली तर मी एकटी काय करू? घ्या नव्या जागी.”

भाऊ आडवे झाले.

फुगवट्याच्या बऱ्याच वर शीर सरळ जात होती. दंडाला पट्टा बांधला, बोटांनी शिरेची खोली अजमावली. सुई तिरकी घातली. नळीत रक्त दिसताच ती जराशी आडवी करून पुढे सरकवली आणि टेप लावली. भाऊंनी दात आवळले. दुसरी सुई आणखी वर, तशीच. मशीन सुरू झालं. चार तासांत एकदाही अलार्म वाजला नाही.

पुढे सर्जननी फुगवटा दुरुस्त केला. फिश्चुला वाचला. आम्ही आता दर वेळी जागा बदलतो आणि भाऊ दर वेळी कुरकुरतात. मी ऐकून घेते. सुईची जागा शीर बघून ठरते. पेशंटची मर्जी राखायला नंतरचा अर्धा कप चहा आहे.