बाद होणारा होरिउची

होरिउची कात्सुमी वाळूचे साचे करायचा. फाउंड्रीत माझी जागा त्याच्या शेजारी होती. मुठीत वाळू दाबायची, बोटांनी मोडायची आणि ओल बरोबर आहे का ते सांगायचं, हे त्याचं काम. दुपारपर्यंत साचे, दुपारनंतर बेसबॉल. फाउंड्रीचा संघ होता आणि केस पिकायला लागले तरी तो संघात होता.

मी कोल्हापूरहून जपानला गेलेलो. क्रिकेट सोडून खेळ माहीत नव्हता. पहिल्यांदा सराव बघायला गेलो तर हा बॅट आडवी धरून उभा. चेंडू मारायचा नाही, नुसता अडवून समोर पाडायचा. अंधार पडेपर्यंत तेच.

"मारत का नाहीस?" मी विचारलं.

"मी बाद होतो. ते मला बाद करण्यात गुंततात, तेवढ्यात बेसवरचा आपला गडी एक बेस पुढे सरकतो. सगळे बेस फिरून आला की धाव. ह्याला बंट म्हणतात."

"म्हणजे बाद व्हायचा सराव करतोस?"

"मग? नीट बाद व्हायला सराव लागत नाही?"

मी हसलो. तो हसला नाही.

ज्या वर्षी मागणी घटली, त्या वर्षी मालकांनी सांगून टाकलं: जिल्हा स्पर्धा जिंकलात तर संघ राहील, नाहीतर मैदानावर भंगार ठेवू. अंतिम सामन्याला सगळी फाउंड्री गेली. भट्टी थांबवता येत नाही म्हणून जे मागे राहिले ते रेडिओला कान लावून बसले. होरिउचीची बायको सेत्सुको आमच्या कँटीनमध्ये कामाला होती. ती माझ्या शेजारी बसून ढोल बडवत होती.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने मागे. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आमचे गडी, एकही बाद नाही, आणि होरिउची बॅट घेऊन आला. त्या दिवशी दोनदा त्याचा फटका सणसणीत बसला होता.

"वहिनी, आज तो मारणार," मी म्हणालो.

"मुकासा साहेब खूण करतील तेच होणार, भाऊजी. आमच्याकडे घरात दार उघडायलासुद्धा खूण लागते."

प्रशिक्षक मुकासांनी टोपीला, मग पट्ट्याला हात लावला. होरिउचीने बॅट आडवी केली. गोलंदाजाने अंगावर टाकला. होरिउचीने बॅट काढून घेतली नाही. त्याचं उजवं बोट चेंडू आणि बॅटमध्ये सापडलं, पण चेंडू मेल्यासारखा समोर पडला. दोन्ही गडी पुढे सरकले. तो स्वतः बाद होता, तरी पळाला आणि बेसवर छातीवर आपटला. परत येताना फुटक्या हाताने टाळ्या वाजवत होता.

पुढचा गडी झेलबाद झाला. त्याच्या पुढच्याच्या बॅटला चेंडू लागलाच नाही. तीन बाद, डाव संपला.

सेत्सुको ढोल वाजवायची थांबली नव्हती. मी तिच्या हातातून काठ्या घेतल्या.

कोणी मुकासांना बोल लावला नाही. मीच बाहेर होरिउचीला म्हणालो, "तू मारला असतास तर जिंकलो असतो."

"बंट चांगला पडला ना?"

"पडला."

"मग झालं."

ते बोट पुढे वाकलंच नाही. वाळूची ओल त्याला कळेना. त्याला साचे फोडायच्या खात्यात टाकलं. तिथे हातोडा आणि धूळ, बोटांचं काम नाही.

पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी पाळीच्या आधी मी मैदानावर गेलो तर सगळा संघ दाताळी घेऊन माती सपाट करत होता, रोज सरावानंतर करायचे तशी. होरिउचीच्या बोटाला फळी बांधलेली. तो एका हाताने ओढत होता. मीही एक दाताळं घेतलं.

"इथे आज भंगार पडणार आहे," मी म्हणालो.

त्याने मागे वळून माझी माती बघितली. "वाकडं गेलंय. परत ओढ."

मी परत ओढलं. भंगाराचा ट्रक फाटकाशी येऊन थांबला होता. संघ ओळीत उभा राहिला, टोप्या काढल्या, मैदानापुढे वाकला. ट्रकवाला खाली उतरला. त्यानेही टोपी काढली आणि आमचं होईपर्यंत तसाच उभा राहिला.

मग त्याने ट्रक आत घातला.