चरा पडलेली लेन्स

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईपुढेही नाही. तुम्हाला सांगतेय – का, ते मलाही नीट कळत नाही.

घोडेगावात आमच्या कापडदुकानाशेजारी बबनकाकांचा फोटो स्टुडिओ होता. शिनोलीपासून आहुप्यापर्यंतची लग्नं त्यांनी एकाच लेन्सने काढली. फिल्मचे रोल गेले, स्टुडिओ बंद झाला. मग मुलीने त्यांना डिजिटल कॅमेरा पाठवला. तो आपला आपणच फोकस करतो – काकांच्या बोटांना काही कामच उरलं नाही.

एका दुपारी ते जुनी लेन्स रुमालात गुंडाळून दुकानात आले. "इंग्लिशमधी शिकलीस तू. बघ बरं, ही त्या नव्यावर बसंल का गं?"

बसली असती. मध्ये अडॅप्टरची एक कडी लागते, ती ऑनलाइन मिळते. मला ठाऊक होतं – मी स्वतःच माझ्या कॅमेऱ्यासाठी अशी जुनी लेन्स शोधत होते.

"नाही बसत, काका."

मी कमी बोलते, म्हणून लोकांना मी खरी वाटते. त्यांनाही वाटले. "मंग तूच ठेव. शोभंला व्हईल," म्हणाले. मी ठेवली. आठवड्यात कडी मागवली.

आहुप्यात त्या लेन्सने खिडकीशी बसलेल्या एका आजींचा फोटो काढला. तो तालुक्याच्या प्रदर्शनात लागला. काका इस्त्रीचा शर्ट घालून बघायला आले आणि फोटोला नाक टेकेल इतके जवळ उभे राहिले. त्या लेन्सच्या काचेवर एक चरा आहे. खिडकी डावीकडे आली की उजेड धुरासारखा पसरतो. तो टाळायला काका नवरीला फिरवून बसवायचे. मी आजींना फिरवलं नव्हतं.

"अगं, ह्यो उजेड माझ्या काचंचा हाय!"

रागाने म्हणाले असते तर? पण ते आनंदाने म्हणाले.

खरं सांगायची ती वेळ होती – नाही का? जुन्या लेन्सचं नाव फोटोच्या फाइलमधल्या माहितीत उमटत नाही, त्यामुळे पुरावा कुठेच नव्हता. होते ते फक्त त्यांचे डोळे.

"कॉम्प्युटरवर केलंय ते, काका," मी म्हटलं.

ते फोटोपासून मागे सरले. मग हसले. "मंग माझंच डोळं गेलं म्हणायचं."

लेन्स घेतली ती हावेने. पण हे? चाळीस वर्षं ज्या डोळ्यांवर ते जगले, त्यांच्यावरचा विश्वास मी एका वाक्यात काढून घेतला – आणि तोही माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीचं बारसं झालं. बाळाला पाळण्यात घातलं तेव्हा सगळे म्हणाले, "काका, एक तरी फोटो तुमच्या हातचा!"

"नगं बाबा. मला आता नीट दिसत न्हाई," ते म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "तिला काढू द्या."

मी पुढे झाले आणि फोटो काढला.