घासलेला गंधार

"मिस्त्री, हे कुणी केलं?"

सुमनबाई पायानं भाता मारत होत्या आणि ऑर्गनची एकच पट्टी दाबून बसल्या होत्या. मी छाती पुढं काढून सांगितलं, "मीच की बाई. एकदम टकाटक करून दिलाय."

"टकाटक? ह्यो माझा गंधार न्हाय."

मी कोल्हापुरात तीस वर्षं पेट्या आणि ऑर्गन दुरुस्त करतोय. ऑर्गन म्हणजे पायपेटी, जुन्या संगीत नाटकांत साथीला असायची ती. तिच्या पोटात प्रत्येक सुराला एक पितळेची रीड असते. रीड टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. घासलेलं पितळ मात्र परत चिकटवता येत नाही. ही गोष्ट या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

बाई गडहिंग्लजच्या शाळेत गाणं शिकवून रिटायर झालेल्या. जुन्या नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचं नाव छापलेलं असतं, आणि ते गाणंही आता कुणाला येत नसतं. शब्द उरलेत, सूर गेलेत. बाईंनी अशी सात नाटकांतली सात पदं निवडली, सातही बायकांच्या तोंडची. पहिल्या पदात नवी नवरी, सातव्यात एकटी उरलेली म्हातारी. त्यांना नवीन चाली लावून एकच माळ केली. मधे थांबायचं नाही, टाळ्या नाहीत. या कामात त्यांची कितीतरी वर्षं गेली.

बाईंचा गळा ऑपरेशननंतर बसलेला. त्यामुळं त्या ऑर्गनवर वाजवून इचलकरंजीच्या प्राजक्ताला शिकवायच्या. सहा पदं झाली होती, सातवं राहिलं होतं. वर विसरण्याचं दुखणं लागलेलं. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं, हे वाढतच जाणार. बाई म्हणायच्या, "डोस्क्यातनं गेलंय, पर बोटांत हाय." सातवं पद कुठं लिहिलेलं नव्हतं. मोबाईलवर घेऊ म्हटलं तर ओरडायच्या, "अर्धी माळ कुणी गळ्यात घालतं व्हय? सातही झाली की घ्या काय ते."

कार्यक्रम ठरला. तो ठेवणाऱ्या संगीत मंडळाचे सेक्रेटरी माझ्याकडं आले. बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं गेल्या होत्या.

"मिस्त्री, बाई यायच्या आत ऑर्गन ट्यून करून टाका. व्हायोलिनवाला कुरकुरतोय. मधल्या सप्तकातला कोमल गंधार उतरलाय म्हणतो."

"बाईंना विचारलंय न्हवं?"

"त्यांना कशाला तरास? सरप्राईज देऊया की."

मी ट्यूनर लावला. मोबाईलवरचं ॲप असतं, सूर बरोबर असला की हिरवा दिवा लागतो. गंधार खरंच उतरलेला होता, काटा बराच डावीकडं होता. रीड काढली, टोकाला कानशीचे चार हात मारले, हिरवा दिवा लागला. कामाचं समाधान वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

तो सूर वर्षानुवर्षं उतरत गेला होता आणि त्याच्याबरोबर बाईंचा कान उतरला होता. सातव्या पदाची सगळी चाल त्या उतरलेल्या गंधारावर बसवलेली. आता बाई सुरू करायच्या, चार सूर नीट जायचे, गंधार आला की बोट थांबायचं. परत पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला बोट भलत्याच पट्टीवर. तिसऱ्या खेपेला चालच वेगळी. प्राजक्ता समोर वही घेऊन बसलेली, काय उतरवून घ्यायचं ते तिला कळेना.

"बाई, मगाशी असं न्हवतं," ती हळूच म्हणाली.

"मला काय विचारतीस? ह्या पेटीला इचार!"

मी म्हणालो, "बाई, एक दिवस द्या. होता तसा करून देतो."

रीड घरी आणली. आता मुळाशी घासून सूर उतरवायचा होता. टोक आधीच पातळ केलेलं, त्यात पितळ जुनं. रीड मुळाशी चिरली. अल्ला, कसला करंटा हात माझा! मी तिथंच डोकं धरून बसलो. बायको म्हणाली, "जेवून तर घ्या." जेवण गेलं नाही.

मिरजेत हिंडून दुसऱ्या ऑर्गनची रीड आणली, घासून तेवढीच उतरवली. ॲपवर काटा जुन्या जागी आला. पण प्रत्येक रीडचा आवाज वेगळा असतो. बाईंनी एकदाच दाबून बघितली आणि हात मांडीवर घेतला.

"ऱ्हाऊ दे, दस्तगीर. तू तरी काय करणार?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं रोज त्या बसायच्या, चार सूर वाजवायच्या आणि थांबायच्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तर बसल्याच नाहीत.

प्राजक्ता सहा पदं गायली. सुरेख गायली पोरगी. सहावं संपलं, ती क्षणभर थांबली, मग मान खाली घातली. लोकांना वाटलं, झालं. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. सेक्रेटरी मला कोपरानं ढोसून म्हणाले, "ऑर्गन काय बोलत होता, मिस्त्री!" मला तोंड वर करवेना.

पहिल्या रांगेत बाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. मी पाया पडायला गेलो. त्यांनी माझा हात धरला.

"ग्वाड गायली न्हवं पोरगी? सहा पदं बसवायला सगळा जलम गेला बघ माझा."

"सात हुती, बाई," मी म्हणालो.

बाईंनी प्राजक्ताकडं बघितलं, मग माझ्याकडं. "न्हाय रे. सहाच की."

आता ऑर्गन दुरुस्तीला आला की मी ॲप उघडतच नाही. आधी विचारतो, हा वाजवतं कोण? त्या माणसाला घेऊन या, मग बघू.