दहा पाये

कुठलाही नकाशा समोर उलगडला, की ते मुख्य दाराबाहेरच्या कोऱ्या जागेवर पेन्सिल टेकवायचे आणि विचारायचे, "सगळा बरोबर हाय. पण माणसां उभी कुठं ऱ्हाणार?"

खुर्ची दिली तरी न बसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रत्नागिरीकडचे हे मुसलमान गृहस्थ कुवेतला आमच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते, मी टायपिस्ट. सरकारी इमारतींचे नकाशे आमच्याकडे होत. दर अर्ध्या तासाने ते उठून खिडकीशी जात आणि समोरच्या परवाना कचेरीबाहेर उन्हात ताटकळणारी मजुरांची रांग बघून येत.

"बसा हो, माझं लक्ष उडतं."

"तू बस बाय. तुला खुर्ची हाय."

मुंबईच्या फुटपाथवर घेतलेलं, प्राचीन रोमच्या इमारतींवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांच्या खणात असे. डबा खाताना ते चित्रं दाखवत. बाजाराच्या चौकाला लागून मोठं दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी. एका टोकाला न्यायनिवाडा चाले, खांबांमध्ये व्यापाऱ्यांचे सौदे होत, आणि ज्याचं काहीच काम नाही तोही सावलीला येऊन उभा राही.

"बादशाही लोक, पण पडवीची अक्कल होती," ते म्हणत. "आपल्याकडे पडवीत टेकायला कोणी इजाजत मागतो काय?"

"गुलामही होते म्हणे त्यांच्याकडे."

"होते ना. त्यांनीच तर बांधला सगळा," म्हणत ते पुन्हा खिडकीशी गेले.

त्याच परवाना कचेरीची नवी इमारत आमच्याकडे आली. त्यांनी दारापुढे दहा खांबांची पडवी काढली. इंग्रज साहेबांनी तिच्यावर लाल पेन्सिल ओढली, फुकटचा खर्च. दोन दिवस ते ब्लेडने नकाशावरचे खांब खरवडत होते. खिडकीशीसुद्धा गेले नाहीत.

आठवड्याने पायाच्या काँक्रीटची यादी टाइप करायला माझ्याकडे आली. दारापुढे दहा पाये तसेच होते.

"हे कशाचे?" मी विचारलं.

"टाइप कर बाय."

"नोकरी जाईल. नोकरी गेली की इकामा गेला, इथे राहायचा परवानाच गेला, मग धरा आगबोट."

"तू सांगितलंस, मी ऐकलं. आता टाइप कर."

केलं.

पाये ओतून झाले आणि साहेब साइटवरून थेट माझ्या टेबलाशी आले. दाराबाहेर हे दहा ठोकळे कसले? टायपिंगची चूक का? हो म्हटलं असतं तर मला बोलणी बसून प्रकरण मिटलं असतं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

"टायपिंग बरोबर आहे, साहेब," खिडकीकडून आवाज आला. "पाये माझे."

पुढच्याच बोटीचं तिकीट निघालं. निघायच्या दिवशीही ते माझ्या टेबलाशी उभेच होते. मला माफी मागायची होती. त्यांनी ती वेळ येऊ दिली नाही.

"दहाच्या दहा उठायला पायजेत. बघशील ना?"

"कोण उठवणार आता?"

"पाये हायत ना. कोणीतरी विचारील कशाला म्हणून."

आणि विचारलंच. महिन्याभराने त्या खात्याचे कुवेती अधिकारी साइटवर आले, ठोकळे कशाचे म्हणाले. सावलीसाठी होते, असं कळल्यावर म्हणाले, मग बांधा की. साहेबांचा चेहरा उतरला. कचेरीत येऊन त्यांनी मला खांबांची ऑर्डर सांगितली. आठ पुरेत, टोकाचे दोन वगळा.

मी दहा टाइप केले. साहेबांनी न वाचता सही केली. खांब उभे राहिल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

"टायपिंगची चूक," मी म्हटलं. बोलणी बसली. मिटलं.

मागच्या महिन्यात इकाम्यासाठी मीही त्याच रांगेत होते. शेपूट दहाव्या खांबापाशी आलं होतं, आणि अकरा वाजले तरी तिथे सावली होती. खांबाच्या बैठकीवर टेकलेला एक गवंडी सरकला. "आइए बहनजी, बैठिए."

ते असते तर बसले नसते. मी बसले.